पॉवर कन्व्हर्टरचा इनपुट फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्विचिंग पॉवर सप्लायच्या कामात इनपुट फिल्टरचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागतो. तोवर बोर्डावरची जागा संपलेली असते, खर्चाचा आकडा ठरलेला असतो आणि टेस्टची तारीख तोंडावर आलेली असते. खालचे प्रश्न अशाच वेळी विचारले जातात. उत्तरं लिहिताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागली: नॉइजचा प्रवाह कुठून निघतो आणि कुठल्या वाटेने परत येतो, ते आधी कागदावर काढा. पार्ट त्यानंतर निवडा.

कन्व्हर्टर उत्तम चालतो, आउटपुटवर रिपल नाही. मग इनपुटला फिल्टर कशासाठी?

आउटपुट स्वच्छ आहे म्हणून इनपुटही स्वच्छ असेल असं नसतं. बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरचा इंडक्टर आउटपुटच्या बाजूला असतो, त्यामुळे लोडला सलग प्रवाह मिळतो. इनपुटच्या बाजूला मात्र वरचा मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) चालू झाला की पूर्ण प्रवाह आणि बंद झाला की शून्य. ४०० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरमध्ये हे सेकंदाला चार लाख वेळा घडतं. हे ठोके सप्लायच्या वायरींतून उलटे बाहेर पडतात आणि त्याच वायरींवर असलेल्या दुसऱ्या उपकरणांना त्रास देतात. बूस्टचं, म्हणजे व्होल्टेज चढवणाऱ्या कन्व्हर्टरचं, उलट आहे. त्याचा इंडक्टर इनपुटलाच असतो, त्यामुळे तिथे डोकेदुखी कमी. ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्या फ्लायबॅकचा प्रवाह दोन्ही बाजूंनी तुटक असतो.

घरात याचा अनुभव घ्यायचा असेल तर मध्यम लहरींचा रेडिओ लावा. पुणे आकाशवाणीची जुनी ओळख ७९२ किलोहर्ट्झ. ऑफलाइन, म्हणजे थेट मेन्सवर चालणाऱ्या सप्लायमध्ये ६६ आणि १३२ किलोहर्ट्झ या स्विचिंग वारंवारता बऱ्याच आयसींमध्ये आढळतात. ६६ चा बारावा हार्मोनिक (बारा पट वारंवारता) आणि १३२ चा सहावा, दोन्ही नेमके ७९२ वर येतात! स्वस्त एलईडी दिवा लावल्यावर रेडिओ का गुरगुरतो, त्याचं एक कारण अशा गणितात सापडतं.

मर्यादा नक्की किती असते?

हे तुमच्या उत्पादनाला कुठलं मानक लागू आहे त्यावर ठरतं. या विषयातली बहुतेक मानकं सिस्पर या आंतरराष्ट्रीय समितीकडून येतात. ती १९३४ साली स्थापन झाली, तेव्हा काळजी होती ती रेडिओ ऐकणाऱ्यांचीच. वायरींतून जाणाऱ्या नॉइजचं मोजमाप बहुतेक ठिकाणी १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होतं. दिव्यांसाठी ते ९ किलोहर्ट्झपासूनच सुरू होतं आणि मोटारगाड्यांच्या सिस्पर २५ मध्ये १०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातं.

घरगुती वापराच्या, म्हणजे क्लास बी उपकरणांसाठी सिस्पर ३२ मधली ॲव्हरेज मर्यादा १५० किलोहर्ट्झला ५६ डेसिबल मायक्रोव्होल्ट (१ मायक्रोव्होल्टच्या तुलनेत डेसिबल) आहे. ती उतरत ५०० किलोहर्ट्झला ४६ वर येते, ५ मेगाहर्ट्झपर्यंत तिथेच राहते आणि पुढे ५० होते. क्वासी-पीक (शिखरांना जास्त वजन देणाऱ्या मोजणीची) मर्यादा या सगळ्यांपेक्षा १० डेसिबलने वर. स्थिर वारंवारतेच्या कन्व्हर्टरचे हार्मोनिक सुईसारखे अरुंद असतात, त्यामुळे त्यांचं ॲव्हरेज आणि क्वासी-पीक वाचन जवळजवळ सारखंच येतं आणि अडचण होते ती ॲव्हरेजच्या रेषेची.

४६ डेसिबल मायक्रोव्होल्ट म्हणजे २०० मायक्रोव्होल्ट. मोजणीच्या ५० ओहमवर हा जेमतेम ४ मायक्रोअँपिअर प्रवाह. कन्व्हर्टर अँपिअरमध्ये प्रवाह तोडतोय आणि आपल्याला बाहेर सोडायची मुभा आहे ती काही मायक्रोअँपिअरची. एवढी एक तुलना लक्षात राहिली तरी लेआउटकडे बघण्याची नजर बदलते.

डिफरन्शियल मोड आणि कॉमन मोड यांतला फरक मला अजून नीट कळलेला नाही.

डिफरन्शियल मोडचा प्रवाह फेजच्या वायरीने जातो आणि न्यूट्रलने परततो, नेहमीच्या कामाच्या प्रवाहासारखाच. तो मुख्यतः त्या तुटक इनपुट प्रवाहातून येतो. कॉमन मोडचा प्रवाह दोन्ही वायरींमधून एकाच दिशेने वाहतो आणि परततो अर्थमधून किंवा हवेतल्या भटक्या कपॅसिटन्समधून. तो येतो व्होल्टेजच्या वेगवान उड्यांमधून.

एक आकडा बघू. हीटसिंकला इन्सुलेटर लावून बसवलेल्या मॉसफेटचा ड्रेन आणि हीटसिंक यांच्यात ३० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. ड्रेनचा व्होल्टेज ४० नॅनोसेकंदांत ४०० व्होल्ट उडाला, तर या इवल्याशा कपॅसिटन्समधून तेवढ्या क्षणापुरता ०.३ अँपिअर प्रवाह जातो. हीटसिंक अर्थला जोडलेला असेल तर हा प्रवाह थेट अर्थमध्ये जातो आणि परत यायला मेन्सची वायर शोधतो. तोच हीटसिंक प्राथमिक बाजूच्या स्थिर बिंदूला, म्हणजे बल्क कपॅसिटरच्या ऋण टोकाला जोडला, तर बराचसा प्रवाह आतल्या आतच फिरतो. अर्थात मग त्या हीटसिंकला हात लागू शकेल अशी रचना चालत नाही.

दोन मोडची औषधं वेगळी. डिफरन्शियलला एक्स कपॅसिटर (दोन वायरींमध्ये लागणारा) आणि साधा इंडक्टर, कॉमनला वाय कपॅसिटर (वायर आणि अर्थमध्ये लागणारा) आणि कॉमन मोड चोक (दोन्ही वायरी एकाच कोअरवर गुंडाळलेला इंडक्टर). चुकीच्या मोडला कितीही पार्ट लावले तरी नॉइजच्या मोजमापाचा आलेख जागचा हलत नाही.

माझ्या बोर्डात कुठला मोड जास्त आहे ते कसं ओळखू?

करंट प्रोब असेल तर दोन्ही वायरी एकत्र त्यातून घाला. कामाचा जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतो आणि उरतो तो फक्त कॉमन मोड. एक वायर उलटी फिरवून घातलीत तर डिफरन्शियल दिसतो. प्रोब नसेल तर दोन एलआयएसएनच्या (वायरींतला नॉइज मोजण्यासाठी सप्लाय आणि बोर्ड यांच्यामध्ये लावायच्या जोडणी-पेट्यांच्या) आउटपुटची बेरीज आणि वजाबाकी करणारा छोटा कंबाइनर वापरता येतो.

काहीच हाताशी नसेल तर एक साधी चाचणी आहे. इनपुटच्या दोन टोकांवर, बोर्डाच्या अगदी जवळ, एक मोठा एक्स कपॅसिटर तात्पुरता लावा. आलेख चांगला खाली आला तर तो डिफरन्शियल होता, ढिम्म राहिला तर कॉमन. साधारण अनुभव असा की १ मेगाहर्ट्झच्या खाली डिफरन्शियलचा जोर असतो आणि ५ मेगाहर्ट्झच्या वर कॉमनचा. पण हा अंदाज आहे, मोजमापाची जागा तो घेत नाही.

प्रत्यक्ष आकडेमोड करून दाखवाल का?

एक बक कन्व्हर्टर घेऊ: इनपुट २४ व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट ५ अँपिअर, स्विचिंग ४०० किलोहर्ट्झ. २४ व्होल्ट डीसी पोर्टला प्रत्येक मानकात क्लास बीची मेन्सची रेषा लागते असं नाही, पण ध्येय म्हणून तीच धरू.

इनपुट प्रवाह म्हणजे ५ अँपिअर उंचीचा चौकोनी ठोका, ड्यूटी (चालू राहण्याचा वाटा) ५० टक्के. त्याच्या पहिल्या हार्मोनिकचं शिखर दोन गुणिले पाच भागिले π, म्हणजे ३.१८ अँपिअर. आरएमएस २.२५ अँपिअर. ५० टक्के ड्यूटीला पहिला हार्मोनिक सर्वांत मोठा असतो, त्यामुळे आपण वाईटातली वाईट स्थिती घेतोय.

कन्व्हर्टरच्या तोंडाशी १० मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर आहे. इथे थोडं थांबायला हवं. हे १० मायक्रोफॅरड २४ व्होल्ट लागलेले असताना शिल्लक राहणारे हवेत. एक्स७आर या नेहमीच्या प्रकारच्या सिरॅमिकची क्षमता डीसी व्होल्टेज लागल्यावर घटते, आणि छोट्या आकाराच्या पार्टमध्ये कधी कधी निम्मीही उरत नाही. पार्टवर छापलेला आकडा गणितात घालून केलेला फिल्टर पहिल्याच मोजमापात आपटतो. उत्पादकाचा डीसी बायसचा आलेख उघडून खरा आकडा घ्या. लागले तर दोन-तीन कपॅसिटर समांतर लावा.

४०० किलोहर्ट्झला खऱ्या १० मायक्रोफॅरडचा इम्पीडन्स ०.०४ ओहम. त्यावर २.२५ अँपिअर म्हणजे सुमारे ९० मिलीव्होल्ट, म्हणजेच ९९ डेसिबल मायक्रोव्होल्ट. हा दोन एलआयएसएनमध्ये अर्धा अर्धा वाटला जातो, म्हणून ६ वजा: ९३. या वारंवारतेला मर्यादा ४८ च्या आसपास येते. म्हणजे ४५ डेसिबल कमी करायचे आणि ६ डेसिबल हाताशी ठेवायचे. एकूण ५१.

एलसी (इंडक्टर-कपॅसिटर) फिल्टर वारंवारता दहापट झाली की ४० डेसिबल देतो. ५१ डेसिबलसाठी त्याची कॉर्नर वारंवारता (जिच्या वर तो रोखू लागतो) ४०० किलोहर्ट्झच्या सुमारे १९ पट खाली हवी, म्हणजे २१ किलोहर्ट्झ. १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर घेतला तर कपॅसिटर ५.६ मायक्रोफॅरड येतो. ६.८ घेऊ, तोही बायससकट खरा. पडताळणी केली तर ५२ डेसिबलपेक्षा थोडं जास्त मिळतं. हा ६.८ सप्लायच्या बाजूला, मधे इंडक्टर आणि कन्व्हर्टरच्या बाजूला आधीचा १० मायक्रोफॅरड, असा π आकाराचा फिल्टर तयार झाला.

इंडक्टर निवडताना इनपुट सर्वांत कमी असतानाचा प्रवाह धरा. आपलं इनपुट १८ व्होल्टपर्यंत उतरत असेल तर ६० वॅटला ३.३ अँपिअर लागतात, कार्यक्षमता धरून साडेतीनच्या वर. म्हणून सॅच्युरेशन करंट निदान ५ अँपिअरचा घ्या. सॅच्युरेट झालेला इंडक्टर म्हणजे तांब्याची नुसती तार.

फिल्टर लावल्यावर कन्व्हर्टरच ऑसिलेट व्हायला लागला. हे कसं?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रेग्युलेटेड कन्व्हर्टर आउटपुटची पॉवर स्थिर ठेवतो. इनपुट व्होल्टेज घसरला की तेवढीच पॉवर ओढण्यासाठी तो जास्त प्रवाह घेतो. साध्या रेझिस्टरमध्ये व्होल्टेज घटला की प्रवाह घटतो; इथे उलट होतं. म्हणून फिल्टरला समोर कन्व्हर्टर दिसतो तो ऋण रेझिस्टन्ससारखा. त्याची किंमत व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवर. आपल्या उदाहरणात २४ व्होल्टला ९.६ ओहम, आणि १८ व्होल्टला फक्त ५.४ ओहम.

आता फिल्टरकडे बघा. सप्लायचा इम्पीडन्स अगदी कमी धरला तर कन्व्हर्टरला मागे दिसतात १० मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरड. त्यांचा रेझोनन्स १६ किलोहर्ट्झच्या जवळ आणि कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स १ ओहम. इंडक्टरच्या तारेचा आणि सिरॅमिकचा मिळून रेझिस्टन्स २५ मिलीओहम असेल तर क्यू (रेझोनन्सची तीक्ष्णता) ४० होतो, म्हणजे रेझोनन्सला फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स ४० ओहमपर्यंत चढतो. समोर ऋण ५.४ ओहम. फिल्टरच्या एलसी जोडीत जेवढी ऊर्जा जिरते त्याहून जास्त कन्व्हर्टर परत ढकलतो. ऑसिलेशन ठरलेलं.

१९७६ साली कॅलटेकच्या आर. डी. मिडलब्रूक यांनी हा प्रश्न सोडवून दाखवला. त्यांचा निकष असा: फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स प्रत्येक वारंवारतेला कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पीडन्सपेक्षा बराच खाली ठेवा. मग कन्व्हर्टरच्या कंट्रोल लूपला फिल्टर असल्याचं जवळजवळ जाणवत नाही. पन्नास वर्षं होत आली तरी पॉवर इंजिनिअरचा पहिला आधार हाच आहे.

यातली एक विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. फिल्टरचे पार्ट जितके 'चांगले', म्हणजे कमी रेझिस्टन्सचे, तितका ऑसिलेशनचा धोका मोठा. लॅबमध्ये लांब पातळ वायरींवर व्यवस्थित चाललेला बोर्ड जाड, आखूड वायरींवर बिघडतो तेव्हा कधी कधी यामागे हेच असतं: पातळ वायरीचा रेझिस्टन्स नकळत डॅम्पिंग करत होता, म्हणजे ऑसिलेशन शमवत होता. उलट लांब वायरींचा इंडक्टन्स वाढून त्रास झाल्याचीही उदाहरणं असतात. म्हणून डॅम्पिंग वायरींवर सोडू नका, बोर्डावरच करा.

डॅम्पिंग कसं करायचं?

कन्व्हर्टरकडच्या कपॅसिटरला समांतर त्याच्या चौपट मोठा कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर. आपल्याकडे १० मायक्रोफॅरड आहेत, म्हणून डॅम्पिंगला ४७ मायक्रोफॅरड. चौपटीच्या या गुणोत्तराला सर्वोत्तम रेझिस्टर कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्सच्या ०.६ पट येतो, म्हणजे इथे ०.६ ओहम, आणि ४० ओहमचं ते शिखर ०.९ ओहमच्या आत उतरतं. ५.४ ओहमच्या तुलनेत हे सहापट खाली, सुमारे १६ डेसिबलचं अंतर. इतकं पुरतं.

४७ मायक्रोफॅरडच्या साध्या ॲल्युमिनिअम इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा ईएसआर (अंगचा सिरीज रेझिस्टन्स) बऱ्याचदा याच्याच आसपास असतो, त्यामुळे वेगळा रेझिस्टर लागतोच असं नाही. डेटाशीटमध्ये बघून घ्या. दोन धोके मात्र आहेत. थंडीत, शून्याखाली, इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर कित्येक पट वाढतो आणि वय झाल्यावरही वाढतो. आणि खरेदी विभागाने 'त्याहून चांगला' म्हणून पॉलिमर कपॅसिटर आणला तर त्याच्या नगण्य ईएसआरमुळे डॅम्पिंग जवळपास नाहीसं होतं. बिल ऑफ मटेरिअलमध्ये या ओळीसमोर 'ईएसआर मुद्दाम हवा आहे, बदलू नये' असं लिहून ठेवा.

या इलेक्ट्रोलिटिकचा दुसरा फायदाही मोठा आहे. चालू सप्लायला बोर्ड एकदम जोडला तर डॅम्प नसलेला एलसी फिल्टर इनपुटच्या दुपटीपर्यंत उसळतो. २४ चे ४८. ५० व्होल्टचे सिरॅमिक आणि ४० व्होल्टची आयसी असेल तर काय होईल ते सांगायला नको. डॅम्पिंगने ही उसळी बरीच बसते.

कॉमन मोड चोक निवडताना काय बघायचं?

मिलीहेन्रीचा आकडा सगळे बघतात. त्याआधी वारंवारतेप्रमाणे इम्पीडन्सचा आलेख बघा. १० मिलीहेन्रीच्या चोकच्या वाइंडिंगमध्ये २० पिकोफॅरड भटका कपॅसिटन्स असेल तर तो ३५० किलोहर्ट्झच्या आसपासच स्वतःशी रेझोनेट होतो, आणि त्यापुढे चोक कपॅसिटरसारखा वागू लागतो. १० मेगाहर्ट्झला त्रास असेल तर त्यापेक्षा कमी वेढ्यांचा, एक मिलीहेन्रीचा चोक जास्त उपयोगी पडतो. दोन्ही पट्ट्यांत त्रास असेल तर दोन चोक सिरीजमध्ये: मँगनीज-झिंक फेराइटचा मोठा आणि निकेल-झिंकचा छोटा. नॅनोक्रिस्टलाइन कोअर महाग असतो, पण थोड्या वेढ्यांत जास्त इंडक्टन्स देतो, त्यामुळे भटका कपॅसिटन्सही कमी राहतो.

दोन वाइंडिंग वेगवेगळ्या भागांत गुंडाळलेल्या चोकमध्ये थोडा लीकेज इंडक्टन्स असतो, मुख्य इंडक्टन्सच्या साधारण एक टक्का. हा फुकटचा डिफरन्शियल इंडक्टर आहे. १० मिलीहेन्रीत १०० मायक्रोहेन्री! एक्स कपॅसिटरबरोबर तो छान काम करतो आणि मेन्सच्या लहान सप्लायमध्ये वेगळा डिफरन्शियल इंडक्टर वाचतो. फक्त याच लीकेजच्या फ्लक्समुळे मोठ्या प्रवाहाला कोअर सॅच्युरेट होऊ शकतो, तेवढं तपासा.

वाय कपॅसिटर कितीपर्यंत वाढवता येतो?

इथे माणसाचा जीव गुंतलेला आहे, त्यामुळे नॉइजआधी सुरक्षेचं मानक बघायचं. वाय कपॅसिटर फेज आणि अर्थमध्ये असतो, म्हणून त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह कायम अर्थमध्ये गळतो. २३० व्होल्टला ४.७ नॅनोफॅरडमधून ०.३४ मिलीअँपिअर. अर्थ असलेल्या, म्हणजे क्लास वन माहिती-तंत्रज्ञान उपकरणांना ३.५ मिलीअँपिअरची मर्यादा सर्वपरिचित आहे. वैद्यकीय उपकरणांमध्ये मर्यादा फार कडक असतात, कधी कधी वाय कपॅसिटर ठेवताच येत नाही आणि सगळा भार चोकवर आणि ट्रान्सफॉर्मरच्या शील्डवर येतो.

गळतीची बेरीज होते हेही विसरू नका. एकाच ३० मिलीअँपिअरच्या ईएलसीबीवर (गळती झाली की पडणाऱ्या सुरक्षा स्विचवर) दहा-बारा कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा मिळून तो विनाकारण पडू लागतो. ऑफिसातला वायरमन मग ईएलसीबीच बायपास करतो. ही गोष्ट भयंकर आहे. आपण वाचवलेल्या चार पैशांच्या चोकपायी तिथल्या माणसांचं संरक्षण काढलं जाऊ नये.

वाय कपॅसिटर फुटला तर ओपन व्हायला हवा, शॉर्ट नव्हे. म्हणून आयईसी ६०३८४-१४ प्रमाणे वाय१ किंवा वाय२ चिन्ह असलेलाच घ्या. तितक्याच व्होल्टेजचा साधा सिरॅमिक तिथे कधीही लावू नका, दुरुस्तीतसुद्धा नाही.

दोन पिनच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मुंग्या येतात. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. अर्थ नसलेल्या सप्लायमध्ये प्राथमिक आणि दुय्यम बाजूंमध्ये एक वाय कपॅसिटर असतो. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून पलीकडे उडालेला कॉमन मोड प्रवाह जवळच्या वाटेने परतावा म्हणून तो दिलेला असतो. त्याच्यामुळे दुय्यम बाजू मेन्सच्या अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास तरंगते, पण प्रवाह मिलीअँपिअरच्या लहान अंशाइतकाच असतो. तीन पिनची वायर आणि खरोखर अर्थ असलेलं सॉकेट वापरलं की मुंग्या थांबतात. पण चार्जर अनोळखी बनावटीचा असेल किंवा मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर तो वापरू नका.

एक्स कपॅसिटरला समांतर रेझिस्टर कशाला?

प्लग उपसल्यावर त्याच्या पिनांवर चार्ज राहू नये म्हणून. ०.४७ मायक्रोफॅरडला १ मेगाओहम लावला तर अर्ध्या सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट मिळतो आणि दोन सेकंदांत व्होल्टेज निरुपद्रवी होतो. त्यात सुमारे ५० मिलीवॅट कायम जळतात. स्टँडबाय पॉवर मोजून-मापून असेल तर प्लग निघाल्यावरच डिस्चार्ज करणाऱ्या आयसी मिळतात.

गणिताने ५५ डेसिबल येतात, पण १० मेगाहर्ट्झला निम्मेही मिळत नाहीत. चूक कुठे?

बहुतेक वेळा गणित बरोबर असतं, पण त्यात पार्ट आदर्श धरलेले असतात. ०.४७ मायक्रोफॅरडच्या एक्स कपॅसिटरला पाय धरून १५ नॅनोहेन्री इंडक्टन्स असेल तर १.९ मेगाहर्ट्झच्या पुढे तो इंडक्टर होतो. १० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरला १० पिकोफॅरड असेल तर १६ मेगाहर्ट्झच्या पुढे तो कपॅसिटर होतो. वरच्या पट्ट्यात फिल्टरची सगळी भूमिकाच उलटी होते.

दुसरं कारण लेआउट. नॉइज फिल्टरमधून न जाता फिल्टरला वळसा घालून जातो. एका बोर्डावर मी पार्ट बदलत बसलो होतो, दोन दिवस काहीच फरक पडेना. शेवटी फिल्टरचा इंडक्टर काढून कन्व्हर्टरच्या इंडक्टरपासून लांब, काटकोनात, दोन छोट्या वायरींवर टांगला, आणि आलेख झपकन खाली आला. दोन इंडक्टर शेजारी शेजारी समांतर बसले होते आणि ट्रान्सफॉर्मरसारखे एकमेकांशी बोलत होते. तेव्हापासून लेआउट बघताना मी आधी चुंबकीय पार्टच्या दिशा बघतो.

बाकी नियम थोडक्यात. इनपुट सिरॅमिक, वरचा मॉसफेट आणि खालचा मॉसफेट यांचा लूप जितका लहान करता येईल तितका करा. दुसऱ्या कशानेही इतका फायदा होत नाही. स्विच नोडचं (दोन मॉसफेट आणि इंडक्टर जोडणाऱ्या बिंदूचं) तांबं गरजेपुरतंच. फिल्टरचं इनपुट आणि आउटपुट बोर्डाच्या वेगवेगळ्या बाजूंना. कॉमन मोड चोकच्या खाली ग्राउंड प्लेन पसरवू नका, नाहीतर नॉइज त्या प्लेनमधून पलीकडे उडी मारतो. आणि कपॅसिटरला ट्रेसची फांदी काढून जोडू नका. प्रवाहाची वाट त्याच्या पॅडवरूनच पुढे जाऊ द्या.

नुसता फेराइट बीड पुरत नाही का?

काही दहा मेगाहर्ट्झच्या वर छान पुरतो. पहिल्या हार्मोनिकला त्याचा काही उपयोग नाही, कारण ४०० किलोहर्ट्झला त्याचा इम्पीडन्स नगण्य असतो. शिवाय डीसी प्रवाहाने त्याचा फेराइट सॅच्युरेट होतो. '६०० ओहम १०० मेगाहर्ट्झला' हा छापील आकडा शून्य प्रवाहाचा असतो. रेटिंगच्या निम्म्या प्रवाहालाच त्यातला बराच भाग गेलेला असतो.

तयार मेन्स फिल्टर विकत आणून लावला तर?

छोट्या संख्येच्या कामाला हा मार्ग उत्तम आहे, मी स्वतः तो सुचवतो. एवढंच की डेटाशीटमधला आलेख दोन्ही बाजूंना ५० ओहम ठेवून मोजलेला असतो आणि तुमचा कन्व्हर्टर ५० ओहमचा नाही. काही उत्पादक ०.१ आणि १०० ओहमचे आलेखही देतात, ते जास्त प्रामाणिक. त्यात एखाद्या ठिकाणी फिल्टर नॉइज कमी करण्याऐवजी वाढवतानाही दिसतो. फिल्टरची धातूची पेटी कॅबिनेटला रंग खरवडून, पूर्ण पृष्ठभागाने टेकवा. हिरव्या-पिवळ्या लांब वायरीने दिलेला अर्थ सुरक्षेला चालतो, १० मेगाहर्ट्झला नाही.

स्विचिंग वारंवारता बदलून किंवा स्प्रेड स्पेक्ट्रमने काम भागेल?

काही अंशी. मोजमाप १५० किलोहर्ट्झला सुरू होतं, म्हणून ६५ किलोहर्ट्झच्या सप्लायचे पहिले दोन हार्मोनिक, ६५ आणि १३०, मोजलेच जात नाहीत. ही वारंवारता इतकी लोकप्रिय असण्यामागे हे एक कारण आहे. मोटारीतले कन्व्हर्टर २ मेगाहर्ट्झच्या वर नेतात, म्हणजे मध्यम लहरींचा पूर्ण पट्टा मोकळा राहतो आणि इंडक्टरही लहान होतो, किंमत मात्र स्विचिंग लॉसमध्ये मोजावी लागते. स्प्रेड स्पेक्ट्रममध्ये वारंवारता थोडी मागेपुढे हलवतात, त्यामुळे ९ किलोहर्ट्झच्या खिडकीत मावणारी ऊर्जा कमी होते आणि शिखर उतरतं. एकूण ऊर्जा तेवढीच राहते. फिल्टर पुरेसा करून वर याची जोड द्या, उलट क्रमाने नको.

लॅबमध्ये जाण्याआधी स्वतः मोजता येईल का?

हो, आणि मोजाच. महाराष्ट्रात पुण्याची एआरएआय (वाहन संशोधन संस्था) आणि नवी मुंबईत खारघरची समीर (सरकारी मायक्रोवेव्ह संशोधन संस्था) अशा संस्थांच्या ईएमसी, म्हणजे अशा नॉइजच्या चाचण्या करणाऱ्या, लॅब आहेत, खाजगीही आहेत. पण तिथला तास महाग असतो आणि तो शिकण्यात घालवू नये. एक एलआयएसएन, एक साधा स्पेक्ट्रम ॲनालायझर, त्याच्या तोंडाशी ट्रान्झिएंट लिमिटर आणि खाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा पत्रा एवढ्यावर बरंच दिसतं. पत्रा एलआयएसएनच्या अर्थला जोडायचा आणि बोर्ड त्याच्यापासून ठरलेल्या उंचीवर ठेवायचा, नाहीतर कॉमन मोडचं वाचन रोज बदलेल.

मेन्सचा एलआयएसएन वापरताना फार जपा. त्याच्या आत फेज आणि अर्थमध्ये मोठे कपॅसिटर असतात. नुसत्या ८ मायक्रोफॅरडमधूनही २३० व्होल्टला अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह गळतो. ईएलसीबी लगेच पडतो, आणि अर्थ सुटलेला असेल तर एलआयएसएनची पेटी जीवघेणी होते. आधी पेटीचा अर्थ पक्का बोल्टने जोडायचा, मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून मेन्स द्यायचा, आणि काढताना अर्थ सर्वांत शेवटी.

लॅबमध्ये ऐन वेळी फेल झालो तर हाताशी काय असावं?

बोर्डावर आधीच ठेवलेल्या रिकाम्या जागा: एका जास्तीच्या एक्स कपॅसिटरची, एका डिफरन्शियल इंडक्टरची जिथे सध्या शून्य ओहमचा दुवा आहे, आणि स्विच नोडवर आरसी स्नबरची (कडांवरची थरथर शमवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटर जोडीची). गेट रेझिस्टर ०६०३ आकाराचा ठेवा, म्हणजे हाताने बदलता येतो. तो थोडा वाढवला की व्होल्टेजच्या कडा मंदावतात आणि वरच्या पट्ट्यात काही डेसिबल मिळतात, मॉसफेटचं तापमान मात्र लगेच बघा. पिशवीत दोन-तीन प्रकारचे कॉमन मोड चोक, क्लिप-ऑन फेराइट, तांब्याची चिकटपट्टी आणि चांगलं सोल्डरिंग आयर्न. आणि पहिला आलेख फिल्टर पूर्ण काढून घेतलेला बरोबर असू द्या. कुठल्या पार्टने किती डेसिबल दिले, हे तिथल्या घाईत त्याच्याशी ताडून बघता येतं.